स्वादुपिंडात आयपीएमएन: आधी दुर्बीण की आधी ऑपरेशन?

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आमचे थोरले काका, वय ६४, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. मुतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी केली. मुतखडा राहिला बाजूला, स्वादुपिंडाची नळी फुगलेली दिसली. मग सीटी झाला, एमआरसीपी (नळ्यांचा एमआरआय) झाली. रिपोर्टमधलं कामाचं तेवढं लिहितो. मुख्य नळी स्वादुपिंडाच्या डोक्यात (उजवीकडच्या जाड टोकात) ८ मिमी, मधे ६, शेपटाकडे ३. डोक्यात २.२ सेंमीची पाण्याची गाठ, नळीला जोडलेली. त्या गाठीच्या आत कडेला ५ मिमीचं काहीतरी चिकटलंय. ती मांसल गाठ आहे की नुसता घट्ट स्राव, हे रेडिऑलॉजिस्टना सांगता येत नाहीये. शेवटी लिहिलंय, 'मिक्स्ड टाइप आयपीएमएनची शक्यता', म्हणजे नळ्यांत घट्ट श्लेष्मा करणारा आजार. कावीळ नाही, वजन उतरलेलं नाही, सीए १९-९ (कॅन्सरच्या संशयासाठीची रक्ततपासणी) नॉर्मल. फक्त गेल्या वर्षभरात शुगर निघाली, ती आधी कधीच नव्हती. तंबाखू आहे.

मतं दोन पडली. एक सर्जन म्हणाले, हे कॅन्सरच्या वाटेवरचं आहे, काढून टाका, कदाचित पूर्ण स्वादुपिंड काढावं लागेल. पुण्यातले गॅस्ट्रो म्हणाले, आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करू, गरज पडली तर नळीत दुर्बीण घालू, मग बोलू. घरात तेव्हापासून दोन पक्ष. चुलतभाऊ म्हणतो, शेवटी कापायचंच आहे तर मधे वेळ आणि पैसा कशाला घालवा. काकू म्हणतात, काही निघालं नाही तर पोट फाडायचं टळेल. काका कुणाशीच बोलत नाहीत, रोज सौद्याला जातात.

माझा प्रश्न एवढाच: सीटी-एमआरआयला जे कळलं नाही ते दुर्बिणीला कसं कळणार? आणि त्यामुळे ऑपरेशनचा निर्णय खरंच बदलतो का, की फाईल नुसती जाड होते?

तासगावचा_बागायतदार

भावा, आधी घाबरू नको. रिपोर्टात कॅन्सर लिहिलेलं न्हाई, सर्जन वाटेवरचं म्हणालेत. वाटंत थांबवता येतंय म्हणूनच डॉक्टर एवढं बोलायलेत. बाकी मला यातलं काय कळत न्हाई, जाणकार येतीलच. पुण्यात चारचाकी लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, आमचं आठवड्याला बेदाण्याच्या कामानं जाणं असतंय.

शंकेखोर

स्वादुपिंड म्हटलं की मला मनोहर पर्रीकर आठवतात. हाताशी सगळे इलाज असूनही २०१९ ला गेले. या अवयवाशी खेळू नये, असलं काही दिसलं की बाहेर काढावं असं माझं मत. आणि मिरजेत पावलागणिक हॉस्पिटल असताना पुणं कशाला? मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस साहेबांच्या काळापासून लोक कर्नाटकातून मिरजेला येतात आणि आपण मिरज सोडून पुण्याला.

गॅस्ट्रोवाला

धागाकर्ते, प्रश्न चांगला विचारलात. 'निर्णय बदलतो का' हे विचारल्याशिवाय कुठलीच तपासणी करू नये. सवडीनं लिहितो, थोडं लांबेल. मी काकांना तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

आधी आजार. स्वादुपिंडात एक मुख्य पाट असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी सऱ्या येऊन मिळतात, उसाच्या रानात असतात तशा. पाचक रस सऱ्यांतून पाटात आणि पाटातून लहान आतड्यात येतो. आयपीएमएनमध्ये या नळ्यांचं अस्तर बिघडतं आणि घट्ट श्लेष्मा सोडायला लागतं. रस तुंबतो, नळी फुगते. बिघाड फक्त सरीत असेल तर तो 'ब्रांच डक्ट', पाटात असेल तर 'मेन डक्ट', दोन्हीकडे असेल तर 'मिक्स्ड'. सरीतला आजार बहुतेकदा वर्षानुवर्षं शांत बसतो. पाटातला तसा भरवशाचा नाही. मुख्य नळीच्या आजारासाठी ज्यांची ऑपरेशनं झाली, त्यांच्या जुन्या आकड्यांत निम्म्याहून जास्त जणांत पेशींचा तीव्र बिघाड (कॅन्सरच्या अगदी आधीची पायरी) किंवा प्रत्यक्ष कॅन्सर सापडला होता. म्हणून तुमचे सर्जन घाई करतायत. ते उगाच घाबरवत नाहीयेत.

पण काकांचा आकडा बघा. निरोगी नळी डोक्यात साधारण ३ मिमी, मधे २, शेपटात १. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २००६ पासून निघतायत, आधी सेंदाई, मग २०१२ ला फुकुओका, २०१७ ची सुधारणा आणि आता २०२४ च्या क्योटो सूचना. त्यात दोन याद्या आहेत. पहिली यादी म्हणजे प्रकृती झेपत असेल तर सरळ ऑपरेशन: डोक्यातल्या गाठीमुळे कावीळ, नळी १० मिमी किंवा जास्त, रक्तपुरवठा असलेली ५ मिमी किंवा मोठी मांसल गाठ, आणि क्योटोपासून पेशी तपासणीत कॅन्सर किंवा त्याचा दाट संशय. दुसरी यादी 'काळजीची लक्षणं': नळी ५ ते ९ मिमी, गाठ ३ सेंमी किंवा मोठी, गाठीची भिंत जाड, नळी एकदम अरुंद होऊन पुढचं स्वादुपिंड सुकलेलं, सीए १९-९ वाढलेलं, गाठीची वाढ झपाट्याची, आणि वर्षाच्या आत नव्यानं निघालेला किंवा अचानक बिघडलेला मधुमेह. यादी याहून मोठी आहे, पण काकांच्या कामाचं एवढंच. त्यांची नळी ८ मिमी आणि शुगर नवी, म्हणजे दुसऱ्या यादीतल्या दोन गोष्टी आहेतच.

आता ते ५ मिमीचं 'काहीतरी' कुठल्या यादीत टाकायचं? मांसल गाठ असेल तर काका थेट पहिल्या यादीत जातात. श्लेष्मा असेल तर ते 'काहीतरी' यादीतूनच बाद. तुमची केस आज या एका ठिपक्यावर अडलीय आणि तो ओळखायला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडसारखं साधन नाही.

स्वादुपिंड पोटाच्या मागे दडलेलं असतं. बाहेरून सोनोग्राफी करताना मधे चरबी येते, आतड्यातला वायू येतो. इथे दुर्बिणीच्या टोकालाच अल्ट्रासाउंड बसवलेलं असतं. ती तोंडातून जठरात नेली की धड आणि शेपूट जठराच्या भिंतीपलीकडे, आणि लहान आतड्याच्या वळणात नेली की डोकं अगदी समोर. अंतर काही मिलिमीटरचं, त्यामुळे बारीक तपशील दिसतो. श्लेष्म्याचा गोळा आतून काळसर, कड गुळगुळीत आणि चकचकीत. रुग्णाला कूस बदलायला लावली किंवा सुईनं ढोसलं तर हलतो. मांसल गाठ भिंतीला धरून असते, कड अस्पष्ट, जागची हलत नाही. तरीही शंका राहिली तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देतात. हे सीटीचं आयोडीनवालं नव्हे, सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात. ते रक्तवाहिनीतच फिरतात आणि श्वासावाटे निघून जातात, किडनीवर भार नाही. ठिपका उजळला तर त्यात रक्तवाहिन्या आहेत, म्हणजे जिवंत ऊती. काळाच राहिला तर श्लेष्मा.

त्याच वेळी बारीक सुईनं गाठीतलं पाणी काढता येतं. ते दोन बोटांत धरून ताणलं तर तार येते का, हेसुद्धा बघतात. जुनी पद्धत आहे, पण उपयोगी. मग त्या पाण्यातला सीईए (एक प्रथिन) बघायचा. मिलीलिटरमागे १९२ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर गाठ श्लेष्मा करणारी असण्याची शक्यता जास्त. ग्लुकोज ५० च्या खाली असेल तर तोच कौल, आणि ही तपासणी साध्या लॅबमध्ये स्वस्तात होते. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा: सीईए जितका जास्त तितका कॅन्सर जवळ, असं नसतं. जात ओळखण्यापुरताच तो उपयोगी. दरवेळी कुणीतरी ५००० चा आकडा घेऊन रडत येतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

नळीत दुर्बीण घालण्याबद्दल रात्री लिहितो, ओपीडी आहे.

हळद_गुणकारी

कुणीच कसं सांगत नाही? रोज सकाळी कोमट पाण्यात ओली हळद आणि मिरी. कर्क्युमिनवर परदेशात केवढं संशोधन चाललंय. आमच्या ओळखीत एकाची गाठ विरघळली.

कृष्णाकाठी

काकांचा जन्म हळदीच्या धुरळ्यात गेलाय हो. राजापुरी हळदीचा नमुना दातानं फोडून भाव सांगणारा माणूस आहे तो. हळदीनं नळी बारीक होत असती तर मार्केट यार्डातल्या एकालाही हा आजार झाला नसता.

तासगावचा_बागायतदार

लई भारी!

अनामिक_वाचक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रेवा_विश्रामबाग

'पूर्ण काढावं लागेल' हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या बाबांचं पूर्ण स्वादुपिंड काढलंय. आजार पूर्ण नळीत होता, दुसरा पर्याय नव्हता आणि आज बाबा आहेत ते त्या ऑपरेशनमुळेच. तरी त्यानंतर काय असतं ते घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असावं.

इन्शुलिन तयार करणारं काहीच उरत नाही, म्हणून इंजेक्शन आयुष्यभर. आम्हाला वाटलं होतं, शुगर काय, गल्लीत निम्म्यांना आहे. तशी नसते ही. साखर खाली घसरली की सावरणारं ग्लुकागॉनही त्याच अवयवात बनतं. तेही नसतं, त्यामुळे साखर एकदम कोसळते. बाबांच्या खिशात, गाडीत, उशाशी ग्लुकोजच्या पुड्या असतात. एकटं गावाला जाणं बंद. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, पहिल्या घासाला आणि जेवणाच्या मधे, नुसता चहा-बिस्कीट असला तरी. विसरलं की पोट बिघडतं, शौच तेलकट होतं, वजन उतरतं. लग्नाच्या पंगतीत बाबा ताटाशेजारी गोळ्या मांडून बसतात आणि शेजारचा विचारतो, काय झालंय? दरवेळी सांगायचं.

तुमच्या काकांच्या शेपटाकडची नळी ३ मिमी आहे म्हणता. ती वाचत असेल तर वाचवायला धडपडा. त्यासाठी आणखी एक तपासणी करावी लागली तर करा.

शंकेखोर

वाचून गप्प झालो. पण एक विचारतोच. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. आमच्या भावकीत एका बाईंच्या बाबतीत झालं तसं.

गॅस्ट्रोवाला

शंका चुकीची नाही. जपानमध्ये याच भीतीनं या गाठींना सुई लावायला वर्षानुवर्षं कचरायचे, श्लेष्मा पोटात सांडला तर पेशी पसरतील म्हणून. पुढे सुई लावलेल्या आणि न लावलेल्या आयपीएमएनच्या रुग्णांची तुलना झाली. सुईमुळे पोटात पसरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरीही ज्याच्या बाबतीत ऑपरेशन ठरलेलंच आहे आणि पाण्याच्या रिपोर्टनं काही बदलणार नाही, त्याला मी सुई लावत नाही. धोका कमी असला तरी शून्य नसतो: रक्तस्राव, संसर्ग, स्वादुपिंडाला सूज. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायच्या. पाण्यात कॅन्सरच्या पेशी 'सापडल्या नाहीत' याचा अर्थ 'नाहीत' असा होत नाही, हेही रिपोर्ट वाचताना ध्यानात असू द्या. त्या पाण्यात पेशी मुळातच थोड्या असतात.

आता नळीतली दुर्बीण, पॅनक्रिएटोस्कोपी. ईआरसीपीला (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या दुर्बीण-प्रक्रियेला) वापरतात ती बाजूला बघणारी दुर्बीण लहान आतड्यात नेतात. तिथे नळीचं तोंड असतं. मुख्य नळीच्या आयपीएमएनमध्ये ते माशाच्या तोंडासारखं उघडं पडलेलं आणि त्यातून श्लेष्मा ओघळताना दिसला तर निदान तिथेच होतं. त्या तोंडातून दुसरी, साडेतीन मिमीच्या आतबाहेरची नाजूक दुर्बीण नळीत सरकवतात. नळी रुंद असेल तरच ती जाते, आणि मुख्य नळीच्या आजारात नळी रुंद असतेच. आत अस्तर प्रत्यक्ष दिसतं. निरोगी भाग गुलाबी सपाट, आजारी भागावर माशाच्या अंड्यांसारखे दाणे किंवा झालरीसारखे कोंब. बघत बघत तुकडा घेता येतो.

याचा खरा उपयोग 'कॅन्सर आहे का' यापेक्षा 'आजार कुठे संपतो' हे ठरवायला आहे. नळी फुगलीय म्हणजे तिथे आजार आहेच असं नसतं. खाली तुंबलं की वरचा निरोगी भागही फुगतो. उलटही होतं, मधला भाग स्वच्छ आणि पुढे पुन्हा आजार. सीटी, एमआरआय, बाहेरचा अल्ट्रासाउंड हे सगळे नळीची रुंदी दाखवतात. अस्तर फक्त ही दुर्बीण दाखवते. डोक्यापुरता आजार असेल तर व्हिपल, धड-शेपटात असेल तर डावीकडचं ऑपरेशन, सगळीकडे असेल तर रेवाताईंच्या बाबांसारखं.

किंमतही सांगतो. साधारण दहांतल्या एकाला यानंतर स्वादुपिंडाला सूज येते, पोटात दुखतं, मुक्काम वाढतो. गुदमार्गे डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन, भरपूर सलाईन, कधी नळीत तात्पुरता स्टेंट, असं करून धोका कमी करतात. म्हणून ही तपासणी सगळ्यांना करायची नसते. सरीतल्या लहान गाठीला तर मुळीच नाही.

टाके_आणि_गाठी

सर्जन आहे, थोडा विरोध नोंदवतो. गॅस्ट्रो मंडळींना दुर्बिणीचं प्रेम जरा जास्तच असतं, हे मैत्रीत.

आजार कुठे संपतो हे आम्हालाही ऑपरेशनच्या टेबलावर कळतं. स्वादुपिंडाची मान (डोकं आणि धड यांमधला भाग) कापली की कापलेल्या कडेचा पातळ काप लगेच पॅथॉलॉजीला जातो, त्याला फ्रोझन म्हणतात. अर्ध्या तासात उत्तर येतं. तीव्र बिघाड किंवा कॅन्सर दिसला तर आणखी कापतो, सौम्य बिघाड असेल तर थांबतो आणि पुढे नजर ठेवतो. शिवाय कापलेल्या टोकातूनच उरलेल्या नळीत दुर्बीण घालून बघता येतं. तिथे सूज येण्याची भीती बरीच कमी. मग आठवडाभर आधी तेच करून रुग्णाला सूज का आणायची? सुजलेल्या स्वादुपिंडावर टाके घालणं काय असतं ते आम्हाला विचारा. लोण्यात सुई अडकत नाही.

व्हिपलबद्दल कुणीतरी सरळ सांगायला हवं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचं वळण, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढायचा आणि मग तीन जोडण्या करायच्या: स्वादुपिंड, पित्तनळी, जठर. अनुभवी केंद्रांत मृत्यू शंभरात पाचांपेक्षा कमी, पण गुंतागुंत तिघांतल्या एकाला तरी होते. सगळ्यांत वाईट म्हणजे स्वादुपिंडाच्या जोडणीतून होणारी गळती. त्यामुळे 'काढून टाका' हे शंकेखोर म्हणतात तितकं सोपं नाही. आणि मिरज की पुणे हा वाद तर सोडाच. हे ऑपरेशन करणारा माणूस वर्षाला अशी किती करतो आणि रात्री गळती झाली तर तिथे नळी टाकणारा रेडिऑलॉजिस्ट असतो का, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर मिरजेत मिळालं तर मिरजेत करा.

गॅस्ट्रोवाला

फ्रोझनचा मुद्दा मान्य, पण ते फक्त कापलेल्या कडेचं सांगतं. कड स्वच्छ आणि चार सेंमी पुढे पुन्हा आजार, हे तुमच्या फ्रोझनला कळणार नाही. टेबलावर दुर्बीण घातलीत तर कळेल. पण ती सोय किती थिएटरांत आहे? दुसरं म्हणजे रुग्णाला आधी माहीत असणं. व्हिपल म्हणून आत गेलेला माणूस इन्शुलिनवर बाहेर आला तर ते त्याला कुणी आधी नीट सांगितलेलं असावं. नकाशा आधी हातात असेल तर ते बोलणं शांतपणे होतं. सुजेबद्दल सहमत. दुर्बिणीनंतर सूज आली तर ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलावंच.

टाके_आणि_गाठी

थिएटरच्या सोयीबद्दल निरुत्तर.

कृष्णाकाठी

दोघांनाही दंडवत. एवढं तर कुणी केबिनमध्ये बसवूनही सांगितलं नव्हतं. घरी वाचून दाखवलं. काकूंनी गॅस्ट्रोवालांचा प्रतिसाद प्रिंट काढायला लावलाय. ईयूएस (एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड) ठरवलंय. पैशांचं काही विचारू का? मेडिक्लेम आहे, पण जुना, छोट्या रकमेचा.

रेवा_विश्रामबाग

तपासणी हजारांत जाते, ऑपरेशन लाखांत. ज्या दवाखान्यात जाल तिथे महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र बसतात का ते बघा आणि ऑपरेशनच्या नेमक्या नावानिशी विचारा, 'पोटाचं ऑपरेशन बसतं का' असं मोघम नको. मेडिक्लेमवाल्यांना ईयूएससाठी एक दिवसाचा प्रवेश चालतो का, हे तपासणीच्या आधी विचारा. नंतर विचारलं की उत्तर बदलतं.

नंदू_गावभाग

वाचनखूण साठवली. अवांतर: आमच्या वडिलांची नळीही रुंद होती, पण निघाला जुना स्वादुपिंडदाह, नळीत खडे. रुंद नळी म्हणजे आयपीएमएनच असं नाही ना?

गॅस्ट्रोवाला

अजिबात नाही. आपल्याकडे तर रुंद नळी दिसली की आधी जुन्या स्वादुपिंडदाहाचा विचार करावा, मग ती दारूमुळे असो वा दारूशिवाय. खडे, कडक झालेली ऊती, ओबडधोबड कडा हे ईयूएसमध्ये छान दिसतं. नळी अडवणारा छोटा ट्यूमर लपलेला असला तर तोही तिथेच सापडतो. नंतर आठवलं म्हणून लिहितो: आयपीएमएन असलेल्या माणसाच्या स्वादुपिंडात गाठीपासून लांब, वेगळ्याच जागी साधा कॅन्सर उगवू शकतो. म्हणून तपासणी गाठीची नव्हे, अख्ख्या अवयवाची करायची असते.

कृष्णाकाठी

अपडेट. ईयूएस झाली. सकाळी उपाशी नेलं, भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात आटोपलं, संध्याकाळी काका चहा मागत होते.

तो ५ मिमीचा ठिपका श्लेष्मा निघाला! बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट दिलं, उजळला नाही, आणि सुईनं ढोसल्यावर हलला. चुलतभाऊ तेव्हापासून जरा नरम आहे. पाण्याला तार आली, सीईए जास्त, ग्लुकोज फारच कमी. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत (गॅस्ट्रोवालांचं वाक्य लक्षात आहे). दुसरीकडे कुठे ट्यूमर नाही. निदान आयपीएमएन पक्कं. मग सर्जन, गॅस्ट्रो, रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसले. ठिपका बाद झाला तरी ८ मिमी नळी आणि नवी शुगर मिळून ऑपरेशनकडे कल आहे, काकांची तब्येतही दणकट आहे. प्रश्न उरलाय तो किती कापायचं याचा, कारण मधली ६ मिमी नळी आजारी आहे की नुसती तुंबलेली हे ईयूएसला सांगता आलं नाही. म्हणून आता नळीतली दुर्बीण करायची म्हणतात. करावी का?

गॅस्ट्रोवाला

माझ्या मते हीच ती जागा. उत्तर 'डोक्यापुरता' आलं तर व्हिपल, 'पुढेही' आलं तर वेगळं बोलणं. दोन्ही उत्तरांनी निर्णय बदलतो.

टाके_आणि_गाठी

इथे मीही करून घेतली असती. आधी भांडलो ते सरसकट करण्याबद्दल.

शंकेखोर

दोघांचं एकमत! तारीख लिहून ठेवा.

कृष्णाकाठी

नळीतली दुर्बीण झाली. डोक्यात आणि मानेपर्यंत माशाच्या अंड्यांसारखे दाणे, फोटोत आम्हालासुद्धा दिसले. पुढे मधल्या भागात अस्तर सपाट, तिथले तुकडेही स्वच्छ. शेपटात दुर्बीण गेली नाही, नळी तिथे बारीक आहे. डोक्यातल्या तुकड्यात सौम्य बिघाड. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं, लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) वाढलं, सलाईनवर ठेवून मग घरी सोडलं. कल्पना आधी दिली होती म्हणून घरचे डगमगले नाहीत. आता बरे आहेत.

सर्जन म्हणतात व्हिपल, पूर्ण काढायची गरज वाटत नाही. सूज ओसरली की तारीख देतील. काका पहिल्यांदा बोलले. म्हणाले, बिघाड सौम्य आहे ना, मग हळदीचा हंगाम होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. घरात पुन्हा दोन पक्ष.

टाके_आणि_गाठी

काकांना सांगा, तुकडा एका जागेचा असतो. शेजारच्या दाण्यात काय चाललंय ते त्यात येत नाही. काढलेल्या डोक्याचे सगळे काप तपासल्यावर बायोप्सीपेक्षा वाईट काही सापडलं, असं आम्ही नेहमी बघतो. सूज उतरायला काही आठवडे जाणारच आहेत, तेवढ्यात जेवढे सौदे होतील तेवढे करू देत. वर्षभर थांबा असं मी म्हणणार नाही. बाजू पूर्ण मांडायची तर, कडक नजर ठेवणं हाही काही रुग्णांत रास्त पर्याय असतो: वय फार, हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही असे. दणकट ६४ वर्षांचा माणूस त्यात बसत नाही. आणि तंबाखू आत्ताच बंद करा.

रेवा_विश्रामबाग

उरलेल्या स्वादुपिंडाचं पुढे काय? की व्हिपल झाली म्हणजे सुटले?

गॅस्ट्रोवाला

सुटले असं नाही. उरलेल्या भागात आजार नव्यानं येऊ शकतो, म्हणून एमआरआय ठरावीक काळानं चालूच राहतो, आणि त्यात काही बदल दिसला तर पुन्हा ईयूएस. अंतर किती ठेवायचं ते काढलेल्या भागाच्या अंतिम रिपोर्टवर ठरतं.

कृष्णाकाठी

काकांना वाचून दाखवलं. 'सूज उतरेस्तोवर सौदे' यावर तडजोड झालीये असं दिसतंय. तंबाखूची पुडी काकूंनी जप्त केली. सर्जनकडे आता सहीच्या वेळी जायचंय. तेव्हा काय काय विचारू?

टाके_आणि_गाठी

संमतीपत्रावर नुसतं 'व्हिपल' आहे की 'गरज पडल्यास पूर्ण' हेही आहे, ते बघा. बहुतेक असेल, कारण फ्रोझनमध्ये तीव्र बिघाड आला तर पुढे कापावं लागेल. ती शक्यता कमी आहे, पण गृहीत धरून दोन कामं आत्ताच करा. एक, डायबेटिसच्या डॉक्टरांची गाठ ऑपरेशनच्या आधी घ्या, इन्शुलिन कसं टोचायचं ते काकूंनी एकदा बघून ठेवावं. दोन, पूर्ण काढायची वेळ आली तर प्लीहाही जाऊ शकते. न्यूमोकॉकस वगैरेच्या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी लागतात, म्हणजे तारीख मिळाली की त्याच दिवशी विचारा.

कृष्णाकाठी

लसींचं कुणीच बोललं नव्हतं. उद्याच फोन करतो.